झोपलेल्या घराची वीज

'झीरोचा बल्ब' ह्या नावाने आपल्या लोकांना जितके गोड फसवले, तितके फार थोड्या शब्दांनी फसवले असेल. देवघरात, जिन्यात, बाळंतिणीच्या खोलीत रात्र रात्र जळणारा तो लाल-हिरवा दिवा वीज खातच नाही, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. 'झीरोच तो, त्याला काय लागतंय!' असे म्हणत घराघरांतून तो सूर्य उगवेपर्यंत जळत असे. वस्तुतः तो बारा ते पंधरा वॅटचा असे. पंधरा वॅटचा दिवा रोज नऊ तास लावला तर महिन्याला चार युनिटे होतात. आजचा नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा सबंध खोली उजळतो आणि त्या 'झीरो'पेक्षा कमी वीज घेतो, हे सांगितले तर आमच्या सासूबाईंना आजही खरे वाटत नाही.

ह्या नावाचे कारण असे सांगतात की, जुन्या मीटरातली ॲल्युमिनियमची चकती एवढ्याशा विजेने हलतच नसे. चकतीला फिरायला लागण्यापुरता काही एक जोर हवा असतो. घरातले सगळे बंद करून एकटा झीरो लावला की चकती जागची हलत नसे किंवा हलली न हलली अशी हले. मीटरने मोजले नाही म्हणून आपण त्याला शून्य म्हटले! आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरात चकतीच नाही. ते अगदी बारीकसारीक वीजही टिपून ठेवते. 'नवं मीटर पळतं हो!' ही तक्रार आमच्या गल्लीत दर दोन घरांआड ऐकू येते. एखादे मीटर खरोखरच बिघडलेले असू शकते, आणि ते तपासून मागण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण पुष्कळदा गोष्ट एवढीच असते की, जुने मीटर ज्याकडे काणाडोळा करी ते नवे करीत नाही. आणि ज्याकडे काणाडोळा करावा असे घरात पूर्वी एक झीरोच होता. आता तसल्या वस्तूंची पंगत बसली आहे.

मी ह्या पंगतीच्या मागे कशी लागले, ते सांगते.

आमचा लोणखेडा शहाद्याला इतका चिकटलेला की परक्या माणसाला गाव कोठे संपले आणि शहर कोठे लागले ते कळू नये. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या मातीत ऊस, केळी, पपई आणि कापूस. सगळे चांगले, फक्त उन्हाळा सोसवत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि रात्री दहा वाजता भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी लागते. दिवसभर पिऊन ठेवलेले ऊन त्या रात्री ओकतात. अशा रात्री म्हाताऱ्या माणसाला नुसत्या पंख्याखाली झोपवणे म्हणजे गरम हवेने वारा घालण्यासारखे आहे. म्हणून सासूबाईंच्या खोलीत कूलर.

त्या मे महिन्याचे बिल ३१२ युनिटांचे आले. आता महावितरणच्या घरगुती बिलाची रचना वाचकांना ठाऊक असेलच: पहिल्या १०० युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० चा दुसरा, ३०१ ते ५०० चा तिसरा आणि त्यापुढचा चौथा. दुसरा टप्पा पहिल्याच्या दुपटीहून महाग. तीनशेच्या वर गेलेली बारा युनिटे आमच्या ह्यांच्या डोळ्यांत अशी खुपली की, बिल हातात घेऊन त्यांनी घरभर एक फेरी मारली आणि निकाल दिला: आईचा कूलर रात्री दहाला बंद. पुढे पंखा आहेच.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती पिढी बोलत नाही. "मला काय, मी ओसरीत निजेन," एवढेच म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. मला मात्र ते लागले. घरात काटकसर करायची म्हटले की पहिली कात्री नेहमी त्याच्यावर चालते जो तक्रार करणार नाही. मी म्हटले, "अहो, कूलर बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण बाकीची वीज कुठं जाते ते आधी पाहू या की! आठ दिवसांची मुदत द्या."

"बघ," हे म्हणाले, "मीटर बाहेर आहे, पळून जात नाही."

मीटरशी माझी ओळख तेव्हापासूनची. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपक्याएवढा दिवा लुकलुकत असतो. आपण तो रोज पाहतो आणि मीटर चालू असल्याची खूण समजून सोडून देतो. पण तो दिवा म्हणजे मीटरची बोलण्याची भाषा आहे. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. काहींवर १६०० असतो. त्याचा अर्थ, एक युनिट वीज खर्च होईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. म्हणजे दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजले की त्या क्षणी घर किती वॅट ओढते आहे ते कळते. हिशेब सोपा आहे. ३२०० च्या मीटरला ११२५ ह्या आकड्याला सेकंदांनी भागायचे. १६०० च्या मीटरला २२५० ला. पाच सेकंदांनी लुकलुकला तर २२५ वॅट, दहा सेकंदांनी लुकलुकला तर साडेबाराशे दहाव्याने नव्हे, एकशे साडेबारा वॅट. ह्याला ना यंत्र विकत घ्यावे लागते, ना वायरमनला बोलवावे लागते. सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि थोडा धीर, बस्स. एकदा मोजून भागू नये. दहा लुकलुकी मोजाव्यात आणि सरासरी काढावी.

पहिल्याच रात्री अकरा वाजता मी सारे घर निजवले. दिवे, पंखे बंद. फ्रिजची पिन काढली, कारण तो मधूनच सुरू होऊन हिशेब बिघडवतो. दूरदर्शन संच रिमोटने बंद. म्हणजे आपण ज्याला 'सगळं बंद आहे' म्हणतो तशी स्थिती. मग विजेरी आणि घड्याळ घेऊन मीटरपुढे स्टूल टाकून बसले. तो ठिपका आता विझूनच राहील अशी माझी कल्पना. पण अठ्ठाविसाव्या सेकंदाला तो लुकलुकला. पुन्हा अठ्ठावीस सेकंद गेले, पुन्हा लुकलुकला. ११२५ भागिले २८, म्हणजे चाळीस वॅट!

सगळे घर झोपलेले, आणि चाळीस वॅट वीज आत चाललेली. पूर्वीच्या बायकांना कणगीला कान लावला की आत उंदीर कुरतडत असल्याचे ऐकू येई, तशी माझी गत झाली. चाळीस वॅट म्हणजे काही फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण हा उंदीर चोवीस तास कुरतडतो. दिवसाला सुमारे एक युनिट, महिन्याला जवळजवळ एकोणतीस, वर्षाला साडेतीनशे. आणि कूलर? दुसऱ्या दिवशी तो एकटा लावून मोजला: साडेपाच-पावणेसहा सेकंदांना एक लुकलुक, म्हणजे दोनशे वॅट. रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत, जी वेळ सासूबाईंकडून काढून घ्यायची ठरली होती, त्या पाच तासांचे होते एक युनिट.

जेवढी वीज त्या म्हातारीला नाकारायची होती, जवळजवळ तेवढीच आमचे घर रोज काही न करता खात होते! मी हा हिशेब पाटीवर नव्हे, बिलाच्याच पाठीवर मांडून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी दोनदा गुणाकार करून पाहिला. मग म्हणाले, "कोण खातंय हे चाळीस?"

ते शोधायला पुढचे चार दिवस लागले. एकेक पिन काढायची, पुन्हा सेकंद मोजायचे. शेजारच्या वहिनींना वाटले, मला कुणी काही करणी सांगितली आहे. सापडले ते असे. दूरदर्शनच्या डोक्यावरचा सेट-टॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला, अकरा वॅट. ह्या डबड्याची खुबी अशी की, चालू असताना तो जेवढी वीज घेतो, बंद असतानाही जवळपास तेवढीच घेतो. फक्त समोरचा दिवा हिरव्याचा लाल होतो. इन्व्हर्टर, बॅटरी भरलेली असतानाही, पंधरा-सोळा वॅट. इंटरनेटचे राउटर आठ. फ्रिजसाठी घेतलेला जुना स्टॅबिलायझर चार. त्याच्या पेटीवर हात ठेवला तर ती कोमट लागते, ती ऊब म्हणजेच वीज. पाण्याचे शुद्धीकरण यंत्र आणि इतर किरकोळ मिळून दोन. आणि ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त संशय होता तो दूरदर्शन संच? त्याचे अर्धा वॅटसुद्धा भरेना.

दूरदर्शन संच एवढा गुणी कसा निघाला, ह्याचे उत्तर लोणखेड्यात नाही, दूर परदेशात आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे ॲलन मायर ह्यांनी घरातली यंत्रे नुसती वाट पाहत बसलेली असताना किती वीज घेतात, हे मोजून दाखवले. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सर्व देशांपुढे सूचना मांडली की, बंद अवस्थेतल्या यंत्राने एका वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. युरोपने त्याचा कायदाच केला: २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट. कारखानदार जगभर विकायचा माल दोन दोन प्रकारांनी बनवत बसत नाहीत; तेव्हा तिकडच्या कायद्याचा थोडा प्रसाद इकडेही पोचला असावा. सेट-टॉप बॉक्स मात्र प्रसादाच्या रांगेत उशिरा उभा राहिलेला दिसतो.

पण एका बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा भाग्यवान आहोत. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक प्लगजवळ बटण असते. युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत ते नसते. तिथे पिन उपटावी लागते. आपल्याला बोट उचलण्याचे काम. ते आपण करीत नाही, कारण बटण कपाटामागे गेलेले असते! आम्ही दूरदर्शनचा बोर्ड हातभर पुढे काढून घेतला. वायरमनची मजुरी गेली, पण रात्री मालिका संपली की सासूबाई आता स्वतः बटण दाबतात. सकाळी डबडे जागे व्हायला दोन मिनिटे लावते. "एवढ्यात माझी एक माळ होते," असे त्यांचे म्हणणे.

आता खरे तेच सांगायचे तर, चाळीसच्या चाळीस वॅट काही वाचत नाहीत. सेट-टॉप बॉक्स दिवसातले अठरा तास मुळापासून बंद ठेवला तर महिन्याला सहा युनिटे वाचतात. राउटर रात्री बंद केले तर दीड-पावणेदोन. इन्व्हर्टरला हात लावता येत नाही. शिशाची बॅटरी उपाशी ठेवली तर ती आजारी पडते आणि तिची किंमत वाचवलेल्या विजेच्या कैकपट असते.

ह्या इन्व्हर्टरविषयी थोडे बोललेच पाहिजे. २००५ नंतरची सात-आठ वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या माणसांना आठवत असतील. दिवसाचे बारा बारा तास वीज नसे. मुले कंदिलावर अभ्यास करीत, दळण अडे, मोटारी बंद. त्या दिवसांत ज्याला ज्याला जमले त्याने इन्व्हर्टर घेतला, आणि तो घेतला हे योग्यच केले. पण बॅटरीत वीज भरताना काही जाते, बॅटरीत काही मुरते, परत काढताना काही जाते. सरासरीने दीड युनिट घालावे तेव्हा एक हाती येते. आता भारनियमन पूर्वीसारखे राहिले नाही, तरी तो पेटीतला पहारेकरी जागा आहे आणि जागे राहण्याचा पगार घेतो आहे. ज्यांच्याकडे आज वीज महिन्यातून एकदोनदाच जाते आणि जुनी बॅटरी संपत आली आहे, त्यांनी नवी घेण्याआधी विचार करावा. पोटात छोटी बॅटरी असलेले एल.ई.डी. दिवे मिळतात. तसे दोन घेतले तर जिना आणि स्वयंपाकघर भागते. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना हा सल्ला नाही.

एका रात्री मी असाच हिशेब करीत असता आमच्या माडीवर राहणारा विद्यार्थी खाली आला. लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्था आहेत, त्यामुळे डोंगराकडची बरीच मुले इथे शिकायला येतात. हा धडगावकडचा. "काकू, रोज मीटरपुढे काय करता?" त्याने विचारले. मी त्याला चाळीस वॅटचे पुराण सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकू, बिलगावची वीज किती होती माहीत आहे? पंधरा किलोवॅट. अख्ख्या गावाची."

बिलगाव हे धडगाव तालुक्यातले, नर्मदेच्या खोऱ्यातले आदिवासी गाव. तिथे २००३ साली केरळातल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' ह्या संस्थेच्या तरुणांनी आणि गावकऱ्यांनी मिळून डोंगरातून पडणाऱ्या पाण्यावर छोटे वीजघर उभे केले. गावाने श्रमदान केले. दगड, वाळू, सिमेंट माणसांनी वाहिले. ह्या मुलाचे चुलते त्या कामावर होते. तो स्वतः तेव्हा पाळण्यात होता, पण पाड्यावर पहिल्यांदा दिवा लागला त्या रात्री कोण काय म्हणाले, हे त्याला ऐकून ऐकून पाठ आहे. तीन वर्षे ती वीज चालली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात ते वीजघर गेले. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. ती वीज तारांच्या जाळ्यात येते आणि कोणाच्या घरात कोणती वीज शिरली हे कोणीच सांगू शकत नाही. पाण्यासारखेच आहे ते.

मी भागाकार केला. पंधरा किलोवॅट म्हणजे पंधरा हजार वॅट. भागिले चाळीस. पावणेचारशे. लोणखेड्यातली पावणेचारशे घरे रात्री सगळे बंद करून निजली, तर त्यांच्या डबड्यांना आणि पेट्यांना मिळून जेवढी वीज लागते तेवढ्यावर एक सबंध गाव उजळले होते. तो मुलगा काही बोलला नाही. "सर म्हणतात, किलोवॅट आणि युनिट ह्यांतला फरक परीक्षेत येतो," म्हणाला आणि वर गेला. त्या रात्रीपासून माडीवरच्या खोलीचा दिवा मी कधी उगाच जळताना पाहिला नाही. अर्थात पूर्वीही पाहिला नव्हता.

असो. एकोणतीसपैकी हाती लागली आठ युनिटे. कूलर वाचवायला तेवढ्याने भागणार नव्हते, म्हणून मी मोठ्या खादाडांकडे वळले. आणि इथे मला वर्तमानपत्री उपदेशांविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो. शाळांतून घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि 'मोबाइलचा चार्जर काढून ठेवा' हे वाक्य दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. आता पाहा: भिंतीत नुसता लावून ठेवलेला आजचा चार्जर पाव वॅटसुद्धा घेत नाही. वर्षभर चोवीस तास ठेवला तरी दोन युनिटांच्या आत. आणि गीझरने एक बादली पाणी कडकडीत करायला अर्ध्या युनिटाच्या जवळपास वीज लागते. म्हणजे वर्षभर चार्जर काढून जमवलेले पुण्य चार बादल्यांत वाहून जाते! काढून ठेवावा, वाईट काही नाही. जुना, गरम होणारा चार्जर तर धोक्याचाच असतो. पण तेवढे करून आपण वीज वाचवली असे समजणे म्हणजे तुपाच्या भांड्यावरचे झाकण पुसून ठेवणे आणि भांडे उघडे सोडणे. आमच्याकडे हिवाळ्यात मी तांब्याचा बंब पुन्हा बाहेर काढला आहे. शेतातल्या पऱ्हाट्या नाहीतरी बांधावर जळतात. शहरातल्या वाचकांना हे जमणार नाही. त्यांनी गीझर आंघोळीच्या आधी दहा मिनिटे लावून मग बंद करावा, पहाटेपासून जागा ठेवू नये.

पण खानदेशात खरा खादाड आहे पंखा. त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही, कारण तो गरिबाघरचा दिसतो. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅटचा. आमच्याकडे तो वर्षाचे नऊ महिने, दिवसाचे पंधरा तास फिरतो. आता बी.एल.डी.सी. नावाच्या मोटारीचे पंखे मिळतात. वारा तेवढाच, वीज तीस वॅटच्या आसपास. एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटे वाचतात. किंमत अडीच-तीन हजार, जी दीड-दोन उन्हाळ्यांत फिटते. आम्ही घरातले सगळे पंखे नाही बदलले. जे दोन सर्वांत जास्त फिरतात, सासूबाईंच्या खोलीतला आणि बैठकीतला, तेवढेच बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला वर्षातून वीस दिवस चालणारा पंखा बदलणे ही काटकसर नव्हे, हौस आहे. ज्यांच्याकडे अजून भिंतीवर तो जुना डबीएवढा जाडजूड रेग्युलेटर आहे त्यांनी एक पाहावे: पंखा हळू केला की तो रेग्युलेटर गरम होतो. पंख्याची वाचलेली वीज तो स्वतः खातो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असे करीत नाही, आणि तो दोनअडीचशे रुपयांत येतो.

कूलरविषयी माझे मत ठाम आहे: आमच्या कोरड्या हवेत त्याच्याइतके शहाणे यंत्र नाही. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. आपल्या आज्या वाळ्याचे पडदे भिजवत, तेच हे. एअर कंडिशनर ज्या कामाला बाराशे-पंधराशे वॅट घेतो ते कूलर एप्रिल-मे महिन्यांत दोनशे वॅटमध्ये करतो. एक अट आहे: समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीचा हमाम होतो आणि लोक म्हणतात कूलर काही कामाचा नाही. मृग लागला की मात्र त्याचे राज्य संपते. तेव्हा नुसता पंखा लावावा आणि कूलरचे पाणी काढून टाकावे, नाहीतर त्यात डास होतात.

पुढच्या मे महिन्याचे आमचे बिल २६८ युनिटांचे आले. कूलर रात्रभर चालू होता. मी म्हणते, उन्हाळा तेवढाच कडक होता. हे म्हणतात, त्या वर्षी वळीव दोनदा पडला. सासूबाईंनी ह्या वादात भाग घेतला नाही.

गल्लीतल्या पाचसहा बायका आता दिवा मोजायला शिकल्या आहेत. एकीच्या घरी रात्रीचे नव्वद वॅट निघाले. शोधता शोधता गच्चीवरच्या टाकीजवळचा दिवा सापडला, जो कोणी कधी लावला ते घरात कोणालाच आठवेना. दुसरीकडे फ्रिजच्या दाराचे रबर गेलेले. ते पाहण्याची रीत साधी आहे: दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे, पट्टी सहज ओढली गेली तर त्याच फटीतून थंडावाही चाललेला असतो. नवे रबर बसले आणि फ्रिज मिनिटामिनिटाला घुरघुरायचा थांबला. काही घरांतून आता छपरावर सौर पट्ट्या बसवण्याचा विचार चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि आमच्या उन्हाला एक किलोवॅटची पट्टी दिवसाला चारेक युनिटे देते. मी त्यांना म्हणते, खुशाल बसवा, पण आधी एक रात्र मीटरपुढे बसा. घराला खरोखर किती लागते हे कळले तर तीनच्या जागी दोन किलोवॅटच्या पट्ट्यांत भागेल.

दिवाळीत पुष्कळ घरांत नवी वस्तू येते, म्हणून एक सांगून ठेवते. फ्रिज, पंखा, एअर कंडिशनर ह्यांवर ताऱ्यांचे लेबल असते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने, ज्याला बी.ई.ई. म्हणतात, ते २००६ साली सुरू केले. दुकानदार बोट ठेवतो ते ताऱ्यांवर. पण तारे देण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या वर्षाचे पाच तारे म्हणजे आजचे तीन किंवा चारसुद्धा असू शकतात. तेव्हा लेबलवर छापलेले वर्ष आधी पाहावे. मग फ्रिजच्या लेबलवर वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो तो वाचावा आणि बाराने भागावा. शहाद्याच्या एका दुकानात मी हे करीत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, हा आकडा आजवर कुणी विचारला नाही." दोन फ्रिज शेजारी शेजारी होते, दोन्ही तितक्याच लिटरचे, दोन्ही चकचकीत. एकाचे महिन्याला पंधरा युनिटे येत होते, दुसऱ्याचे बावीस. किमतीतला फरक दोन हजारांचा. फ्रिज दहा-बारा वर्षे तरी चालतो. मी पाकिटातून पेन काढले आणि त्याच्याच पावतीपुस्तकाच्या मागे गुणाकार करायला घेतला. दुकानदाराने खुर्ची पुढे केली आणि पोऱ्याला चहा सांगितला.